ग्रॅनाइटमधले टूर्मलीन शिलारसातून आले की नंतरच्या द्रवातून? ठरवण्याची क्रमवार रीत

ग्रॅनाइटमध्ये काळे, रेघाळ टूर्मलीन हे बोरॉनयुक्त खनिज दिसले की बहुतेक अहवालांत लगेच एक वाक्य येते: ‘येथे उष्णजलीय क्रिया झाली आहे’, म्हणजे खडकातून गरम द्रव फिरून गेला आहे. काही जण याच्या उलट टोकाला जातात आणि स्फटिकाच्या कडा स्वच्छ आहेत एवढ्याच आधारावर तो शिलारसातून, म्हणजे वितळलेल्या खडकातून, आल्याचे लिहून मोकळे होतात. दोन्ही निष्कर्ष कधी बरोबर निघतात, कधी चूक, कारण ते ज्या पुराव्यावर काढले जातात तो पुरावा त्या प्रश्नाचे उत्तर देतच नाही. ग्रॅनाइटच्या अखेरच्या अवस्थेत टूर्मलीन तीन वेळा तयार होऊ शकते: उरलेला शिलारस बोरॉनने संपृक्त झाल्यावर, त्या शिलारसातून पाणी वेगळे होत असताना, आणि खडक घट्ट झाल्यावर भेगांतून फिरणाऱ्या गरम द्रवातून. एकाच खडकात, किंबहुना एकाच स्फटिकात, या तिन्हींच्या खुणा असू शकतात.

पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. उदाहरणे मुख्यतः दोन ठिकाणांची घेतली आहेत: गढवाल हिमालयातील गंगोत्रीचा फिकट ग्रॅनाइट आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा कॉर्नवॉल.

## टप्पा १: निघण्यापूर्वी बोरॉनचा हिशेब समजून घ्या

लोहयुक्त काळ्या टूर्मलीनला शोर्ल म्हणतात आणि त्यात वजनाने सुमारे १० टक्के बोरॉन ऑक्साइड असते. सामान्य ग्रॅनाइटमध्ये मात्र बोरॉन दशलक्षांत काही दहा भागच असतो. ही दरी भरून निघते ती शिलारस गोठत जाण्याच्या रीतीमुळे. क्वॉर्ट्झ आणि फेल्स्पार यांच्या स्फटिकजालात बोरॉनला जवळजवळ जागा नसते आणि मस्कोव्हाइट हे पांढरे अभ्रक तो थोडासाच सामावून घेते. त्यामुळे ही खनिजे वाढत जातील तसतसा बोरॉन उरलेल्या शिलारसात साठत जातो.

केवळ बोरॉन साठल्याने मात्र टूर्मलीन होत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. त्यासाठी फेल्स्पार बनवून शिल्लक राहील इतके ॲल्युमिनियम शिलारसात असावे लागते, शिवाय लोह किंवा मॅग्नेशियमही लागते. ज्या शिलारसात ॲल्युमिनियमच्या मानाने सोडियम-पोटॅशियम जास्त असते, तिथे बोरॉन कितीही असला तरी टूर्मलीन स्थिर राहत नाही. ॲल्युमिनियमने समृद्ध शिलारसावरील प्रयोगांत ७५० अंश सेल्सिअसच्या आसपास टूर्मलीन येण्यासाठी शिलारसात सुमारे २ टक्के बोरॉन ऑक्साइड लागते असे दिसले आहे. तापमान उतरले की ही मर्यादाही खाली येते. बोरॉनमुळे शिलारसाचा गोठणबिंदू उतरतो आणि तो पातळही होतो, म्हणून असा उरलेला शिलारस बराच उशिरापर्यंत वाहता राहतो.

लोहाच्या बाबतीत टूर्मलीनचा स्पर्धक बायोटाइट, म्हणजे काळे अभ्रक, असतो. बोरॉन मर्यादेपाशी पोहोचला की बायोटाइटमधील लोह-मॅग्नेशियम टूर्मलीनकडे जाऊ लागते. गंगोत्रीच्या ग्रॅनाइटमध्ये टूर्मलीन जास्त असलेले भाग आणि बायोटाइट जास्त असलेले भाग एकमेकांना टाळताना दिसतात ते यामुळे. म्हणून टूर्मलीनची नोंद करताना बायोटाइटची नोंद टाळता येत नाही.

आता एक छोटा हिशेब करून पाहा. समजा खडकात आकारमानाने २ टक्के शोर्ल आहे. शोर्लची घनता सुमारे ३.१५ आणि ग्रॅनाइटची २.६५ धरली, तर वजनाने ते २.४ टक्के भरते. त्यातील दहावा भाग बोरॉन ऑक्साइड, म्हणजे संपूर्ण खडकात सुमारे ०.२४ टक्के. संपृक्ततेसाठी २ टक्के लागत असतील, तर शिलारसाचा जवळजवळ आठवा भाग उरेपर्यंत टूर्मलीनला वाट पाहावी लागेल. असे टूर्मलीन फेल्स्पारच्या मधल्या उरलेल्या जागांत सापडले तर त्यात नवल नाही आणि तेवढ्यावरून ते उष्णजलीय ठरत नाही.

सावधान: हा हिशेब किमान आकडा देतो, कारण काही बोरॉन पाण्यासोबत निघून गेलेला असतो. शिवाय हिमालयातील फिकट ग्रॅनाइट तुलनेने कमी तापमानाचे आहेत. तिथे मर्यादा खाली असल्याने टूर्मलीन याहून लवकर येऊ शकते.

## टप्पा २: जागा, परवानगी आणि साहित्य

महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसॉल्टखाली झाकलेला असल्याने इथल्या विद्यार्थ्यांची नजर बेसॉल्टवर तयार होते. बेसॉल्टमधल्या पोकळीत झिओलाइट दिसले की ते नंतरच्या पाण्यातून आले, हे आपण पाठच करतो आणि ते बरोबरही आहे. हाच नियम ग्रॅनाइटमधल्या पोकळीला लावला की घोटाळा होतो, कारण ग्रॅनाइटमधील पोकळी शिलारसातून पाणी वेगळे होतानाच, म्हणजे भोवती शिलारस अजून शिल्लक असताना, तयार झालेली असू शकते. पोकळीच्या भिंतीत मूळ धरून आत वाढलेल्या टूर्मलीनचा बुडखा शिलारसातला आणि शेंडा द्रवातला असणे पूर्णपणे शक्य आहे.

विदर्भात नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना परिसरात टंगस्टनच्या खनिजांबरोबर टूर्मलीन आढळते, पण तिथे भोवतालचे खडक रूपांतरित आहेत आणि अशा खडकांत टूर्मलीन रूपांतरणातूनही येते. पहिल्याच खेपेस या गुंत्यात शिरू नये.

गंगोत्रीच्या पुढे राष्ट्रीय उद्यान लागते. गोमुखाकडे जाण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते, आणि दगड फोडून नमुने आणणे हा त्याहून वेगळा, आधी लेखी परवानगी घेण्याचा विषय आहे. संस्थेच्या पत्राशिवाय हातोडा बाहेर काढू नये.

सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग, पोलादी चाकू, होकायंत्र व उतारमापक, मोजपट्टी, पाण्याची बाटली आणि न पुसला जाणारा पेन एवढे पुरे. पाणी पिण्यासाठी तर हवेच, पण खडक ओला केल्यावर फिकट कडी आणि बारीक शिरा जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या कोरड्या पृष्ठावर दिसत नाहीत.

सावधान: गोमुखापाशी हिमनदीने आणून टाकलेले धोंडे सुंदर असतात, परंतु ते सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या हिमनदीच्या कोणत्याही भागातून आलेले असू शकतात. स्फटिकांची ठेवण शिकण्यासाठी ते उत्तम. मात्र शीर कोणत्या दिशेला जाते, टूर्मलीन ग्रॅनाइटच्या माथ्याकडे वाढते की तळाकडे, असे प्रश्न सुट्या धोंड्याला विचारता येत नाहीत.

## टप्पा ३: काळे खनिज टूर्मलीनच आहे ना?

ही पायरी हास्यास्पद वाटते म्हणूनच ती वगळली जाते. चाकूच्या टोकाने खरवडून पाहा. बायोटाइटचे पापुद्रे सुटतात. हॉर्नब्लेंड या दुसऱ्या काळ्या खनिजाला पाटनाच्या, म्हणजे सपाट फुटण्याच्या, दोन दिशा असतात आणि त्यांच्यातला कोन साधारण ५६ व १२४ अंशांचा असतो. शोर्लची कठिनता ७ ते ७.५ असल्याने पोलाद त्यावर ओरखडा उठवत नाही. त्याला ठळक पाटन नसते, तुटलेली बाजू काचेसारखी चमकते, उभ्या बाजूंवर लांबीच्या दिशेने रेघा असतात आणि आडवा छेद फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखा दिसतो.

पडताळा: एकाच ठिकाणच्या निदान पाच-सहा कणांवर ही तपासणी करावी. गंगोत्रीसारख्या खडकात एकाच वीतभर तुकड्यात बायोटाइट आणि टूर्मलीन दोन्ही असू शकतात, आणि लांबून दोन्ही काळे ठिपकेच दिसतात.

## टप्पा ४: खडकावर मांडणी नोंदवा, हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा

इथे घाई केली तर पुढे कितीही महागडे विश्लेषण केले तरी त्याचा उपयोग होत नाही. टूर्मलीन खडकात कुठे बसले आहे, एवढ्या एका प्रश्नाला पुरेसा वेळ द्यावा. चार प्रकारच्या मांडण्या वेगवेगळ्या ओळखाव्यात.

विखुरलेले कण. टूर्मलीन फेल्स्पार-क्वॉर्ट्झच्या बरोबरीने सगळीकडे सारखे पसरलेले असेल, कणांचा आकार खडकाच्या सर्वसाधारण कणाकाराशी जुळत असेल आणि कोणत्याही भेगेकडे जाताना त्याचे प्रमाण वाढत नसेल, तर ते शिलारसातले असण्याची शक्यता जास्त. भेगेपासून एक, पाच, दहा आणि पन्नास सेंटीमीटरवर कण मोजावेत. ‘सारखे वाटते’ असे लिहू नये.

गाठी. काही ग्रॅनाइटमध्ये क्वॉर्ट्झ आणि टूर्मलीन यांच्या काही सेंटीमीटर व्यासाच्या गोलसर गाठी असतात आणि त्यांच्याभोवती पांढुरके कडे असते. या कड्यात बायोटाइट नसते, कारण टूर्मलीनला लागणारे लोह तिथूनच गेलेले असते. या गाठी कशा झाल्या यावर एकमत नाही: शिलारसातून वेगळा झालेला बोरॉन व पाण्याने समृद्ध थेंब अडकून राहिला असे एक मत, तर घट्ट झालेल्या खडकाची नंतर जागा घेतली गेली असे दुसरे. तुम्ही मत देऊ नका, मोजमाप द्या. गाठी भेगांच्या रेषेत ओवलेल्या आहेत का, त्या ग्रॅनाइटच्या वरच्या भागात जास्त आहेत का, आणि गाठीच्या आत भोवतालच्या फेल्स्पारचे अर्धवट उरलेले अवशेष दिसतात का, हे तिन्ही लिहावे. वरच्या भागातील दाटी हलके द्रव वर चढत गेल्याकडे बोट दाखवते. भेगांवरची रांग आणि फेल्स्पारचे अवशेष नंतरच्या बदलाकडे.

पेग्मटाइटमधील कंगवा-रचना. पेग्मटाइटच्या, म्हणजे फार मोठ्या कणांच्या ग्रॅनाइटसारख्या खडकाच्या, भिंतीपासून आत वाढलेले, भिंतीला काटकोनात उभे आणि आतल्या बाजूला रुंद होत गेलेले स्फटिक भिंतीकडून मध्याकडे गोठत गेल्याची खूण आहेत. भिंतीलगत शोर्ल आणि गाभ्याकडे एल्बाइट हे लिथियमयुक्त रंगीत टूर्मलीन असा क्रम काही पेग्मटाइटमध्ये सापडतो, कारण लोह आधी संपते आणि लिथियम शेवटपर्यंत साठत राहते. गाभ्याकडे जाताना रंग कुठे बदलतो ते अंतर टेपने मोजून लिहावे.

शिरा आणि भेगांच्या कडा. पाणी वेगळे झाले की बोरॉन शिलारसापेक्षा पाण्याकडे अधिक ओढला जातो आणि मुख्यतः बोरिक आम्लाच्या रूपाने प्रवास करतो. हे पाणी बोरॉनने श्रीमंत असले तरी लोह-मॅग्नेशियमने गरीब असते, म्हणून ते शेजारच्या अभ्रकी शिस्टमध्ये (पापुद्र्यांच्या रूपांतरित खडकात) शिरले की तिथले लोह-मॅग्नेशियम वापरून संपर्कालगत टूर्मलीनचा काळा पट्टा तयार करते. कॉर्नवॉलच्या सेंट ऑस्टेल ग्रॅनाइट परिसरातील लक्सुलियनाइट हा खडक याच प्रकारचे ग्रॅनाइटच्या आतले उदाहरण आहे: त्यात गुलाबी फेल्स्पारच्या मोठ्या कणांभोवती आणि त्यांना खात टूर्मलीनच्या सुयांचे पंखे पसरलेले असतात. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधील वेलिंग्टनच्या ड्यूकची शवपेटिका याच दगडाची आहे. कोणी तिकडे राहत असेल तर हातोड्याशिवायच पाहता येईल.

पडताळा: प्रत्येक मांडणीचे मोजपट्टीसह छायाचित्र, खडक ओला करून एक आणि कोरडा एक. कोणती मांडणी कोणत्या मांडणीला कापते याचे निदान एक रेखाचित्र वहीत असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

## टप्पा ५: नमुना घेणे आणि कापणे

नमुन्यावर वरची बाजू आणि उत्तर दिशा आखूनच तो जागेवरून हलवावा. शिरेचा नमुना शिरेपुरता घेऊ नये; शीर, तिची कड आणि शीर नसलेला खडक असे तिन्ही एकाच तुकड्यात किंवा एका ओळीत घेतलेल्या तुकड्यांत हवेत.

गाठ कापताना करवत तिच्या मध्यातूनच गेली पाहिजे. बाजूने कापलेली गाठ लहान दिसते आणि तिचे फिकट कडे उगाच रुंद भासते. असा चुकीचा छेद मोजून कड्याच्या रुंदीचे तक्ते केलेले प्रबंध मी वाचले आहेत, आणि त्यातले आकडे पुन्हा मोजल्याशिवाय वापरता येत नाहीत. विखुरलेल्या कणांसाठी एक छेद स्फटिकांच्या लांबीच्या दिशेने आणि दुसरा तिला काटकोनात करून घ्यावा. जाडी नेहमीची, ३० मायक्रॉन.

## टप्पा ६: सूक्ष्मदर्शकाखाली क्रम वाचणे

प्रथम पोलरायझरची (प्रकाशाला एकाच दिशेत कंप पावू देणाऱ्या पट्टीची) कंपनदिशा कोणती ते तपासा. जुन्या आणि नव्या सूक्ष्मदर्शकांत ती वेगळी असू शकते. टूर्मलीनची लांब बाजू त्या दिशेला काटकोनात आली की ते सर्वांत गडद दिसते. बायोटाइटचे उलट आहे: पाटनाच्या रेषा कंपनदिशेला समांतर आल्यावर ते गडद होते. एवढी एक कसोटी दोघांना वेगळे करायला पुरते.

आता रंगपट्टे. कॉर्नवॉलच्या टूर्मलीनमध्ये तपकिरी गाभा आणि त्यावर निळी किंवा हिरवट कड ही ठेवण प्रसिद्ध आहे. तिथे तपकिरी भाग शिलारसातला आणि निळा भाग नंतरच्या द्रवातला मानला जातो. हा नियम जसाच्या तसा उचलून गंगोत्रीला किंवा आणखी कुठे लावू नये. रंग लोह, टायटॅनियम आणि लोहाच्या ऑक्सिडीकरण-अवस्थेवर अवलंबून असतो, उगमावर थेट नाही. शिवाय टूर्मलीनच्या स्फटिकाची दोन टोके सारखी नसतात. एकाच वेळी वाढलेल्या दोन टोकांची रसायने आणि रंग वेगळे येऊ शकतात, आणि त्याला घाईत ‘दोन पिढ्या’ म्हटले जाते.

यावर उपाय सोपा आहे. लांबीला काटकोनातले, म्हणजे त्रिकोणी छेद निवडावेत. त्यांत मंच (सूक्ष्मदर्शकाची नमुना ठेवायची फिरती चकती) फिरवल्याने रंग बदलत नाही, त्यामुळे दिसणारा रंगभेद हा खरोखरच रसायनातला भेद असतो. उभ्या छेदात पट्ट्यांची तुलना करायची असेल, तर मंच एकाच स्थितीत ठेवूनच करावी.

यानंतर सीमा पाहाव्यात. गाभा आणि कड यांच्यातली रेषा वाकडीतिकडी, कुरतडलेली असेल, तर गाभा वाढल्यावर तो काही काळ विरघळत होता आणि मग नवे टूर्मलीन त्यावर बसले, असा अर्थ निघतो. पट्टे बारीक, सरळ आणि एकामागून एक असतील, तर वाढ अखंड चाललेली असू शकते. फेल्स्पारच्या आत पूर्णपणे बंद असलेला, भेगेशी न जोडलेला टूर्मलीनचा कण हा शिलारसातल्या उगमाचा चांगला पुरावा आहे. फेल्स्पारच्या पाटनरेषांवरून आत घुसलेल्या सुया हा त्याच्या विरुद्ध पुरावा.

सावधान: स्वच्छ, सरळ कडा म्हणजे लवकर वाढलेला स्फटिक, हे फेल्स्पारबाबत बऱ्यापैकी चालते, टूर्मलीनबाबत नाही. टूर्मलीन दुसऱ्या खनिजाची जागा घेतानाही आपले पृष्ठ नीट घडवते. तसेच मधल्या जागांत वेडेवाकडे भरलेले टूर्मलीन उष्णजलीयच असले पाहिजे असेही नाही. पहिल्या टप्प्यातला हिशेब आठवावा.

पडताळा: प्रत्येक छेदासाठी ‘आधी–नंतर’ असा क्रम लिहा आणि प्रत्येक दुव्यासमोर तो कोणत्या कणावरून ठरवला याचा मंचावरील स्थानांक द्या. ज्या दुव्यासमोर स्थानांक नाही तो खोडावा.

## टप्पा ७: रसायन, आणि तेही सर्वांत शेवटी

इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर (इलेक्ट्रॉनच्या झोताने खनिजातली मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रावर) टूर्मलीनचे विश्लेषण नेहमीचे झाले आहे, पण त्यातून तीन गोष्टी थेट मिळत नाहीत. बोरॉन हलका असल्याने तो सहसा मोजला जात नाही, सूत्रात ३ अणू धरून गणिताने काढला जातो. लिथियम या यंत्राला दिसत नाही. आणि लोहाच्या दोन ऑक्सिडीकरण-अवस्था वेगळ्या होत नाहीत. म्हणून तक्त्याखाली सूत्र कशावर आधारून काढले ते लिहिणे आवश्यक आहे.

ॲल्युमिनियम, लोह आणि मॅग्नेशियम यांच्या त्रिकोणी आलेखावर बिंदू ‘ग्रॅनाइट’च्या क्षेत्रात पडले म्हणून ते शिलारसातले, हा तर्क सर्रास वापरला जातो आणि तो चुकीचा आहे. ते क्षेत्र भोवतालच्या खडकाचा प्रकार सुचवते, टूर्मलीन वाढण्याचे माध्यम नव्हे. ग्रॅनाइटमधून निघालेल्या द्रवातून त्याच ग्रॅनाइटमध्ये वाढलेले टूर्मलीनही तिथेच पडते. आलेखाचा खरा उपयोग गाभा ते कड असा रेषेत घेतलेल्या बिंदूंचा प्रवास पाहण्यात आहे. कडेकडे मॅग्नेशियम एकदम वाढले, तर बाहेरच्या खडकाशी संपर्कात आलेला द्रव आत आला असावा, अशी शंका घ्यायला जागा होते.

संपूर्ण खडकातला बोरॉन मोजायचा असेल, तर प्रयोगशाळेला आधीच कळवावे. नेहमीच्या पद्धतीत खडकाची भुकटी लिथियम बोरेटसोबत वितळवतात. म्हणजे मोजायचा पदार्थच बाहेरून मिसळला जातो. सोडियम कार्बोनेट किंवा सोडियम पेरॉक्साइड वापरणारी पद्धत मागावी, आणि बोरोसिलिकेट काचेची भांडी टाळली आहेत का ते विचारावे.

## टप्पा ८: निष्कर्ष लिहिणे

अहवालात संपूर्ण खडकाबद्दल नव्हे, तर टूर्मलीनच्या प्रत्येक पिढीबद्दल वेगळे वाक्य लिहावे. उदाहरणार्थ: ‘विखुरलेल्या कणांचे तपकिरी गाभे पोटॅश फेल्स्पारच्या आत बंद आहेत आणि भेगांपासूनच्या अंतरानुसार त्यांचे प्रमाण बदलत नाही, म्हणून ते शिलारसातून आले असे मानले आहे, त्यावरील निळी कड कुरतडलेल्या सीमेवर बसली असून तीच कड शिरेतील टूर्मलीनशी सलग आहे, म्हणून ती खडक घट्ट झाल्यानंतरच्या द्रवातून आली.’ यात प्रत्येक विधानामागे मांडणी किंवा सीमा आहे आणि रंग केवळ ओळख पटवण्यासाठी आला आहे.

गाठींसारख्या मधल्या प्रकारासाठी ‘शिलारस आणि द्रव यांच्या संक्रमणकाळातील’ असा शब्दप्रयोग वापरता येतो, मात्र केवळ उत्तर सापडले नाही म्हणून तो वापरू नये. मांडणी आणि सूक्ष्मदर्शकातला क्रम एकमेकांशी जुळत नसतील, तर त्या पिढीसमोर ‘अनिर्णित’ लिहावे, कोणता पुरावा कोणाच्या विरोधात गेला ते पुढे नोंदवावे आणि त्याच जागेवरून दुसरा, मध्यातून कापलेला छेद करून घ्यावा.